घरात इन्फ्रारेड सॉना बसवण्यापूर्वी: उष्णता, जागा आणि वायरिंग

अलीकडे सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या शाहूपुरीत नवे घर बांधणारी मंडळी व्यायामाच्या खोलीचा विचार करताना इन्फ्रारेड सॉनाची, म्हणजे आत बसलेल्या माणसाचे अंग इन्फ्रारेड (अवरक्त) किरणांनी तापवणाऱ्या लाकडी पेटीची, चौकशी करू लागली आहेत. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात लाकडाचा रंग, रंगीत दिवे आणि ब्लूटूथ स्पीकर यांची वर्णने पानभर असतात. पण ती पेटी घरात वर्षानुवर्षे बिनघोर चालेल की पहिल्याच पावसाळ्यात डोकेदुखी होऊन बसेल, हे ठरते ते भिंतीतल्या वायरवर, अर्थिंगवर आणि ती ठेवली कुठे यावर. म्हणून येथे क्रमही तसाच ठेवला आहे: आधी उष्णतेचे काम, मग शरीर, मग जागा आणि वीज, आणि पेटीची निवड त्यानंतर.

उष्णता अंगापर्यंत कशी पोहोचते

फिनलंडच्या पारंपरिक सॉनात भट्टीवरचे दगड तापवून खोलीतली हवा ७० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत नेली जाते आणि ती तापलेली हवा अंगाला उष्णता देते. इन्फ्रारेड सॉनात हवेचे तापमान साधारण ४५ ते ६० अंशांवरच थांबते, कारण येथे उष्णतेचा मोठा भाग हवेला मध्यस्थ न घेता प्रारणाच्या रूपाने थेट त्वचेवर पडतो. थंडीच्या पहाटे गुऱ्हाळाच्या चुलवणासमोर जो उभा राहिला आहे त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही: समोरचे अंग भाजून निघत असते, पाठ मात्र गारठलेली राहते आणि मधली हवा थंडच असते. सॉनाच्या पेटीत हेच प्रारण सौम्य करून पाठ, कुशी, पोटऱ्या आणि तळपाय अशा सर्व बाजूंनी दिले जाते.

दृश्य प्रकाशाच्या तांबड्या टोकापलीकडे असे अदृश्य, उष्णता देणारे किरण आहेत हे विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लोलक आणि तापमापक वापरून दाखवले. या अवरक्त पट्ट्याचे तरंगलांबीनुसार तीन भाग करतात: सुमारे ०.८ ते १.४ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) निकट, १.४ ते ३ पर्यंत मध्य आणि ३ मायक्रॉनच्या पुढे दूर अवरक्त. एखादी तापलेली वस्तू प्रामुख्याने कोणत्या तरंगलांबीचे किरण सोडते हे तिच्या तापमानावर अवलंबून असते, आणि त्याचा हिशोब अगदी सोपा आहे. वस्तूचे तापमान केल्व्हिनमध्ये घ्यावे, म्हणजे सेल्सिअस अंशांत २७३ मिळवावेत, आणि २८९८ ला त्या संख्येने भागावे. उत्तर मायक्रॉनमध्ये मिळते. पेटीतल्या हीटरच्या दोन मुख्य प्रकारांपैकी १०० अंशांच्या कार्बन पॅनेलसाठी ते ७.८ येते, २०० अंशांच्या सिरॅमिक नळीसाठी ६.१ येते, आणि हॅलोजनच्या प्रखर दिव्यासाठी १ ते १.२ च्या आसपास येते. म्हणजे घरगुती पेटीतले पॅनेल आणि नळ्या दोन्ही दूर अवरक्तातच मोडतात, आणि ‘संपूर्ण पट्टा’ असे लिहिलेल्या पेटीत निकट अवरक्ताचे वेगळे दिवे बसवलेले नसतील तर ते लिहिणे निव्वळ सजावट आहे. हा भागाकार विक्रेत्यासमोर बसूनही करता येतो, आणि तो करावा.

किरण कातडीखाली चार-पाच सेंटिमीटर खोल जातात, हा दावा सर्रास वाचायला मिळतो आणि तो खरा नाही. ३ मायक्रॉनच्या पुढचे किरण पाणी फार जोरात शोषते आणि त्वचेत पाणी भरपूर असते. त्यामुळे दूर अवरक्त किरण मिलिमीटरच्या अंशभर खोलीतच संपतात. निकट अवरक्त काही मिलिमीटर आत जाते, त्यापलीकडे त्याचाही जोर ओसरतो. तरीही शरीर आतून तापते याचे कारण साधे आहे: त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, तापलेले रक्त आत फिरते, हृदयाचे ठोके वाढतात आणि घाम सुटतो.

फायद्यांविषयी बोलताना कोणता अभ्यास कशाचा आहे हे पाहिले पाहिजे. पूर्व फिनलंडमधील २३१५ पुरुषांचा दीर्घकाळ मागोवा घेणारा आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वारंवार उद्धृत होतो. त्यात आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक होणारे मृत्यू कमी आढळले. मात्र तो पारंपरिक, अधिक तापमानाच्या सॉनाचा अभ्यास आहे, आणि निरीक्षणात्मक असल्यामुळे त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. दूर अवरक्ताच्या कोरड्या सॉनाचा वैद्यकीय वापर जपानमध्ये कागोशिमा विद्यापीठातील चुवा तेई यांनी ‘वाओन’ या नावाने रुजवला: ६० अंशांत १५ मिनिटे आणि त्यानंतर ब्लँकेटमध्ये गुंडाळून ३० मिनिटे विश्रांती. ती पद्धत हृदय दुबळे झालेल्या रुग्णांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरली गेली. तिचा दाखला देऊन घरातल्या पेटीला औषध ठरवणे गैर आहे. आखडलेले स्नायू सैलावणे, शांत वाटणे, कित्येकांना रात्री चांगली झोप लागणे, एवढी अपेक्षा रास्त म्हणता येईल. घामावाटे शरीरातील विषे निघून जातात हे म्हणणे मात्र टिकत नाही, कारण घाम बहुतांशी पाणी आणि मीठ असतो आणि ते काम यकृत व मूत्रपिंडे करतात. वजनकाट्यावर कमी दिसलेले तीन-चारशे ग्रॅमही दोन तांबे पाणी प्यायल्यावर परत येतात.

कोणी बसू नये

गरोदर स्त्रिया, ताप असलेली व्यक्ती, मद्य घेतलेली व्यक्ती आणि लहान मुले यांनी सॉनात बसू नये. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, छातीत वरचेवर दुखत असेल, हृदयाची झडप अरुंद झाली असेल किंवा रक्तदाब मुळातच कमी राहत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दारही उघडू नये. मिरजेत डॉक्टरांची वानवा नाही, तेव्हा डॉक्टर मिळाला नाही ही सबब चालणार नाही. लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उठताना भोवळ येण्याचा धोका असतो. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्या माणसाला पोटरीजवळचे पॅनेल भाजत आहे हे वेळेवर कळत नाही, आणि इन्सुलिन घेऊन लगेच उष्णतेत बसल्यास ते रक्तात अधिक वेगाने उतरून साखर खाली जाऊ शकते. वेदनाशामक औषधाची पट्टी कातडीवर चिकटवलेली असेल तर उष्णतेने त्यातील औषध जास्त प्रमाणात अंगात जाते, आणि ही गोष्ट खरोखर जिवावर बेतणारी आहे. मूल होण्याचा प्रयत्न चालू असलेल्या पुरुषांनी हे लक्षात ठेवावे की वारंवारच्या उष्णतेने शुक्रजंतूंची संख्या काही काळ घटते.

जागा

इन्फ्रारेड पेटीला पाणी लागत नाही, निचरा लागत नाही आणि वाफ होत नाही. त्यामुळे ती न्हाणीघरात ठेवण्याचे काहीच कारण नाही. उलट तेथील ओल आणि मोरीकडे दिलेला उतार या दोन्ही गोष्टी तिला मारक आहेत. उतारावर उभी केलेली पेटी किंचित पिळते आणि काचेचे दार खालच्या कोपऱ्यात घासू लागते. कोरडी, सपाट फरशी असलेली, शक्यतो झोपण्याच्या किंवा व्यायामाच्या खोलीतली जागा निवडावी आणि स्नानगृह चार पावलांवर असावे.

एका माणसाची पेटी सुमारे ९० बाय ९० सेंटिमीटरची आणि दोघांची सुमारे १२० बाय १०५ सेंटिमीटरची असते, उंची १९० सेंटिमीटरच्या आसपास. मागे आणि बाजूंना पाच ते दहा सेंटिमीटर मोकळे सोडावे, आणि वर किमान ३० सेंटिमीटर जागा ठेवावी, कारण बहुतेक पेट्यांची नियंत्रक पाटी आणि वायरींची जोडणी छतावर असते. पोटमाळ्याखाली पेटी सरकवून दिली की दुरुस्तीच्या वेळी ती सबंध बाहेर ओढावी लागते. दोघांच्या पेटीचे वजन दीडशे-दोनशे किलो भरते. आरसीसी स्लॅबला त्याचे काही वाटत नाही, मात्र वाईच्या किंवा साताऱ्याच्या पेठांतील जुन्या वाड्याच्या लाकडी तुळयांवरील माडीवर ती चढवण्यापूर्वी तुळयांची टोके वाळवीने पोखरलेली नाहीत ना, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. पाटण आणि कोयनानगरच्या बाजूला ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची आठवण अजून जागी आहे. तेथे पेटीची मागची बाजू दोन पट्ट्यांनी भिंतीला जखडून टाकणे शहाणपणाचे.

सांगलीत जागेचा निर्णय नदी घेते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते. २००५ आणि २०२१ चे पूरही लोक विसरलेले नाहीत. गावभाग, सांगलीवाडी किंवा पुराचे पाणी शिरलेल्या कोणत्याही वसाहतीत तळमजल्यावर ही पेटी बसवू नये. पुराची सूचना आल्यावर टीव्ही आणि गाद्या माडीवर नेता येतात, दोनशे किलोची जोडलेली पेटी नेता येत नाही. आणि एकदा गाळाच्या पाण्यात भिजलेले हीटर व फुगलेले लाकूड पुन्हा वापरण्याच्या लायकीचे राहत नाही. जागा वरच्या मजल्यावर निघत नसेल, तर मी तरी हा खर्च करू नये असेच सांगेन.

वीज आणि अर्थिंग

एका माणसाच्या पेटीला साधारण १.२ ते १.८ किलोवॉट आणि दोघांच्या पेटीला १.८ ते २.२ किलोवॉट लागतात. १.८ किलोवॉट म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ७.८ अँपिअर. हा आकडा गिझरपेक्षा मोठा नाही, आणि म्हणूनच माणसे गाफील राहतात. गिझर दहा-पंधरा मिनिटांत बंद होतो, सॉनाचा प्रवाह पाऊण तास त्याच वायरीतून वाहत राहतो.

पेटीसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र सर्किट ओढावे, म्हणजे त्या वायरीवर दुसरे काहीही असू नये. १.८ किलोवॉटसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरेशी आहे. तरीही भिंत एकदाच फोडली जाते हे लक्षात घेऊन मी ४ चौरस मिलिमीटरची ओढावी असे सुचवतो, म्हणजे पुढे मोठी पेटी आली तरी प्लॅस्टर पुन्हा खरवडावे लागत नाही. २.५ च्या वायरीला १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच), त्यासोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की ती तोडणारा स्विच) आणि शेवटी १६ अँपिअरचे चांगल्या प्रतीचे सॉकेट, एवढी साखळी पुरते. पेटी ३ किलोवॉटच्या आसपासची असेल तर प्लग टाळून ४ चौरस मिलिमीटरची वायर २० अँपिअरच्या डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या, एमसीबीतून थेट पेटीच्या जोडणीपर्यंत न्यावी. ६ अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर प्लग लावून किंवा एक्स्टेंशन बोर्डावरून सॉना चालवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

विश्रामबागेतील एका फ्लॅटमध्ये विक्रेत्याच्या माणसांनी पेटी गिझरच्याच जुन्या सॉकेटला लावून दिली होती. घरातल्या काकूंना खोलीत जळक्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागला, म्हणून वायरमनला बोलावले. त्याने प्लग उपसून हातावर ठेवला तेव्हा तीनपैकी एक पिन तपकिरी-काळी पडलेली होती, सॉकेटच्या त्या भोकाभोवतीचा पांढरा भाग पिवळा होऊन किंचित खचला होता, आणि आतली पितळी पकड बोटाने हलवली तरी हलत होती. एमसीबी एकदाही पडला नव्हता, आणि तो पडणारही नव्हता, कारण प्रवाह ठरल्याएवढाच होता. ढिल्या सांध्याचा रोध ०.२ ओहम धरला तरी ८ अँपिअरला त्या एका पिनेत सुमारे १३ वॉट उष्णता साठत राहते, आणि तेवढी प्लॅस्टिक मऊ करायला पुरे होते. नवे सॉकेट, नवा प्लग आणि बोर्डातले सर्व स्क्रू पुन्हा आवळणे, एवढ्यावर ते काम निभावले.

अर्थिंगच्या बाबतीत दोन्ही जिल्ह्यांची जमीन वेगवेगळी वागते. सांगलीकडच्या काळ्या जमिनीत ओल टिकते, त्यामुळे अर्थिंगचा रोध सहसा कमी येतो. साताऱ्याच्या चढावरच्या घरांत दोन फुटांवर मुरूम आणि खाली काळा पाषाण लागतो, तेथे साधा खड्डा पुरत नाही आणि खोल बोअर घेऊन केमिकल अर्थिंग करावे लागते. घरगुती अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत असावा असे सर्वसाधारणपणे धरतात आणि तो अर्थ टेस्टरने उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना मोजावा, म्हणजे सर्वांत वाईट आकडा समोर येतो. सॉकेटवर मल्टिमीटरने तीन मोजमापे घेता येतात: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. शेवटचा आकडा अगदी शून्य दिसला तर आनंद न मानता सॉकेट उघडून पाहावे, कारण अर्थिंग नसलेल्या घरात न्यूट्रलचीच तार अर्थच्या पिनेला जोडून देणारे महाभाग आहेत, आणि घामाने ओले झालेल्या माणसासाठी ती जोडणी प्राणघातक ठरू शकते. हे सर्व काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि जुन्या घरात अॅल्युमिनियमच्या वायरी असतील तर त्यांना हात न लावता नवी तांब्याची वायर ओढावी.

घराचा मंजूर भार महावितरणच्या बिलावर छापलेला असतो. गिझर २ किलोवॉट, दीड टनाचा एसी दीड किलोवॉट, इंडक्शन शेगडी २ किलोवॉट, आणि त्यात संध्याकाळी सॉना लागला की बेरीज सहज सात किलोवॉटवर जाते. बिलावर तीन दिसत असतील तर पेटी येण्यापूर्वीच वाढीव भाराचा अर्ज करावा.

विजेच्या दाबाचा (व्होल्टेजचा) प्रश्न गावाकडे वेगळाच असतो. उसाच्या पट्ट्यात कृषिपंप एकदम सुरू झाले की दाब १९० व्होल्टपर्यंत उतरतो, आणि हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे १.८ किलोवॉटची पेटी तेव्हा फक्त १.२३ किलोवॉटने चालते. अशा वेळी पेटी तापत नाही म्हणून हीटर बदलायला निघालेले लोक असतात. आधी दाब मोजावा. कमी दाबाने हीटरचे नुकसान होत नाही. खरी भीती उलट बाजूची आहे: थ्री फेज जोडणीत खांबावरचा न्यूट्रल तुटला की घरात ३०० च्या वर व्होल्ट येऊ शकतात आणि पेटीची नियंत्रक पाटी क्षणात जाते. म्हणून या सर्किटवर जादा आणि कमी दाबाला तोडणारे यंत्र बसवावे. इन्व्हर्टरच्या लाइनवर सॉना कदापि घेऊ नये.

खर्चाचा अंदाज असा: वीस मिनिटे तापवणे आणि पंचवीस मिनिटे बसणे धरले तर १.८ किलोवॉटची पेटी एका वेळेला सव्वा युनिटच्या आसपास घेते, म्हणजे आठवड्यातून चार वेळा वापरल्यास महिन्याला वीस-बावीस युनिट. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात आणि वरचा दर फक्त त्या टप्प्यापुढच्या युनिटांना लागतो. तेव्हा ज्यांचा वापर आधीच २९० युनिट आहे त्यांनी सॉनाची पहिली दहा सोडून बाकीची युनिटे चढ्या दराने मोजावीत.

पेटीची निवड

पहिली गोष्ट म्हणजे मागच्या बाजूची माहितीची पट्टी वाचणे. परदेशातून, विशेषतः अमेरिकेतून थेट मागवलेल्या कित्येक पेट्या १२० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या असतात. त्या आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला लावल्या तर हीटर जवळपास चौपट शक्तीने तापून जळतो. ट्रान्सफॉर्मर लावून असली पेटी चालवण्यापेक्षा ती न घेणे बरे.

हीटरचे दोन प्रकार मुख्य आहेत. कार्बन पॅनेल मोठे, पातळ आणि तुलनेने कमी तापणारे असते, त्यामुळे उष्णता अंगावर एकसारखी पसरते आणि चुकून स्पर्श झाला तरी भाजण्याचा धोका कमी राहतो. सिरॅमिक नळी लहान जागेत जास्त तापते, उष्णता तीव्र वाटते आणि तिच्यासमोर जाळी असणे अत्यावश्यक आहे. घरातल्या ज्येष्ठांसाठी मी कार्बन पॅनेलच निवडेन. पॅनेल केवळ पाठीमागे असतील तर पेटी अर्धीच आहे असे समजावे. पोटऱ्यांसमोर आणि दोन्ही कुशींनाही पॅनेल हवेत. निकट अवरक्ताचे दिवे असतील तर त्यांच्याकडे टक लावून पाहू नये, कारण या किरणांनी डोळ्यांच्या भिंगाला इजा होते आणि काच कारागिरांना होणारा मोतीबिंदू हा त्याचाच जुना पुरावा आहे.

लाकूड हलके, कोरडे आणि राळ न गळणारे असावे. हेमलॉक आणि बासवूड यांचा वापर यासाठीच होतो: हलके लाकूड उष्णता सावकाश वाहून नेते आणि बाकावर बसल्यावर चटका बसत नाही. सागवान टिकाऊ खरे, पण जड असल्यामुळे अंगाला अधिक गरम लागते आणि महागही पडते. स्थानिक सुताराकडून पेटी करून घेण्याचा विचार असेल तर एकच अट कसोशीने पाळावी: आतल्या बाजूला बाजारातला साधा प्लायवूड, पॉलिश, वॉर्निश किंवा रंग असता कामा नये, कारण प्लायवूडच्या डिंकातून उष्णतेने फॉर्मल्डिहाइड बाहेर पडते आणि बंद पेटीत ते माणूसच हुंगतो. हीटरसोबत तापमान मर्यादेबाहेर गेल्यास वीज तोडणारा कट-आउट आणि ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद करणारा टायमर मिळत नसेल, तर घरगुती बनावटीचा नाद सोडावा.

जोडणी आणि पहिली चाचणी

पेटी सुटी येते आणि दोन माणसे दोन-तीन तासांत ती उभी करू शकतात. आधी तळाची फळी टाकून लेव्हल ट्यूबने सपाटी पाहावी आणि गरजेप्रमाणे पातळ पट्ट्यांचा आधार द्यावा. येथे घेतलेले कष्ट पुढे दाराच्या कामी येतात. मग मागची भिंत, एक बाजू, बाक आणि त्याखालचा हीटर, दुसरी बाजू, दारासह समोरची चौकट आणि शेवटी छत, असा क्रम असतो. बाक बसवण्यापूर्वीच त्याखालच्या हीटरची वायर वर काढून घ्यावी, नाहीतर सगळे पुन्हा खोलावे लागते. छतावरच्या वायरी खाचेच्या प्लगांनी जोडलेल्या असतात. प्रत्येक प्लग ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत दाबावा आणि हलकेच ओढून पाहावा. दार टफन्ड काचेचे, बाहेर उघडणारे आणि कडी-कोयंडा नसलेलेच असावे. आत भोवळ आलेल्या माणसाला खांद्याने ढकलून बाहेर पडता आले पाहिजे.

पहिल्यांदा पेटी रिकामी ठेवून, दार थोडे उघडे सोडून, खोलीच्या खिडक्या उघडून तासभर पूर्ण तापमानावर चालवावी, म्हणजे नव्या लाकडाचा आणि डिंकाचा वास निघून जातो. त्याआधी आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो का ते पाहावे. पेटी चालू असताना वायरमनने क्लॅम्प मीटर लावून प्रवाह मोजावा, १.८ किलोवॉटच्या पेटीला ५.५ अँपिअरच दिसत असतील आणि दाब ठीक असेल, तर एखादा हीटर जोडलेला नाही. अर्ध्या तासाने वीज बंद करून प्लग काढावा आणि त्याच्या पिनांजवळ हात नेऊन पाहावा. कोमट असेल तर चालेल, बोट ठेववत नसेल तर सॉकेट बदलावे.

वापर आणि ऋतू

सुरुवातीला ४५ अंशांत दहा मिनिटे पुरेत. दोन-तीन आठवड्यांत ती वीस-पंचवीस मिनिटांवर न्यावीत, आणि अर्ध्या तासापलीकडे जाण्याने काही विशेष पदरात पडत नाही. जेवून दोन तास झालेले असावेत. आधी आणि नंतर पाणी प्यावे, फार घाम आल्यास मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत घ्यावे. बाकावर जाड सुती पंचा अंथरावा आणि दुसरा पाठीमागे ठेवावा, म्हणजे घाम लाकडात मुरत नाही. उठताना आधी दार उघडून मिनिटभर बसून राहावे, लगेच गार पाणी अंगावर ओतू नये. घरात दुसरे कोणी नसताना वयस्क माणसाने एकट्याने बसू नये.

सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत खोलीच ३५-३६ अंशांवर असते. पेटी पटकन तापते, पण बाहेर आलेल्या शरीराला थंड व्हायला वाव उरत नाही, आणि त्याच दिवसांत लोक उष्माघाताने आजारी पडत असतात; या दोन महिन्यांत ती बंद ठेवावी. साताऱ्यात पावसाळा आणि थंडी हे तिचे खरे दिवस आहेत. डिसेंबरच्या पहाटे खोली १२ अंशांवर असेल तर तापायला दहा मिनिटे जास्त लागतील, हे टायमर लावताना धरावे.

वळवाच्या दिवसांत आकाशात गडगडाट सुरू झाला की एमसीबी पाडून प्लग काढून ठेवावा. पाचगणी, महाबळेश्वर, जावळीच्या पावसात लाकूड ओल धरते, बुरशी येते आणि हीटरच्या इन्सुलेशनमध्येही दमटपणा शिरतो. म्हणून जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा पेटी रिकामीच वीस मिनिटे चालवावी. बऱ्याच दिवसांनी लावल्यावर आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडू लागला तर तो बाजूला काढून पेटी चालवण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये. वायरमनकडून मेगरने प्रत्येक हीटरचे इन्सुलेशन मोजून घ्यावे. १ मेगाओहमच्या खाली असलेला हीटर जोडणीतून सोडवावा आणि बदलावा.

लाकूड ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे, साबण किंवा फिनेल वापरू नये. डाग पडल्यास बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा. वाळवीचे औषध पेटीत कधीही फवारू नये. ते खोलीच्या कडेने, भिंत आणि फरशीच्या सांध्यात, पेटी बाहेर काढलेली असताना द्यावे आणि खोली चांगली वाळल्यावरच पेटी परत लावावी. वर्षातून एकदा, शक्यतो पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये, मुख्य बोर्डातील, सॉकेटमधील आणि छतावरच्या जोडण्या वीज बंद करून आवळून घ्याव्यात, आरसीसीबीचे बटण मात्र दर महिन्याला दाबून पाहावे.